जुन्या मशिदीपाशी उजवीकडे वळ (बत्तीस वर्षांनी मुंबई)

खाडीकाठचा

मंडळी, डिसेंबरात पाच दिवस मुंबईला जाऊन आलो. यात सांगण्यासारखं काय, असं इथले निम्मे लोक विचारतील, कारण इथले निम्मे लोक मुंबईतच राहतात. पण मी मे १९९३ मध्ये तिथल्या उमरखाडीतून वळकटी बांधून कोकणात हर्णैला आलो तो आलो. त्यानंतर मुंबई म्हणजे डोंबिवलीतली लग्नं, परळच्या इस्पितळातल्या फेऱ्या आणि रात्रीच्या एसटीने परत. या खेपेला काही काम नव्हतं. भाचा भांडुपला असतो. तो म्हणाला, "मामा, एकदा नुसते फिरायला या." मग गेलो.

पहिला दिवस भाच्याच्या हौसेचा. भुयारी मेट्रो, समुद्राकडेचा नवा रस्ता, अटल सेतू. मेट्रो छानच आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण काळबादेवीखालून गारेगार डब्यात बसून जाताना सारखं वाटत होतं, वर आत्ता हातगाडीवाले "बाजू, बाजू" म्हणून ओरडत असतील आणि आपल्याला पत्ताच नाही. अटल सेतू जवळजवळ बावीस किलोमीटरचा, डोळे फिरतात. तरी शेवटी पूल तो पूल, अर्ध्या तासात बघून होतो. रात्री जेवताना भाच्याला सांगितलं, उद्यापासून मी एकटा. मला मस्जिद बंदरला जायचंय.

"मामा, तिथे काय बघायचंय? सुकामेवा?"

आता ही गोष्ट ऐका. साल १९८५, मी एकोणीस वर्षांचा, मुंबईत येऊन आठवडाही झाला नव्हता. काका गोदीत टॅली क्लार्क. त्यांनी माझ्या हातात पाकीट दिलं, एका स्नेह्याला पोचवायचं. पत्ता तोंडी: "सॅम्युअल स्ट्रीटने सरळ जा, जुन्या मशिदीपाशी उजवीकडे वळ, तिसरं दार." मी मिनार शोधत निघालो. त्या भागात मशिदींना काय तोटा! तीन सापडल्या, तिन्हींपाशी इमानेइतबारे उजवीकडे वळलो. एकदा तर कुणाच्या तरी गोदामात खजुराच्या पोत्यांवर जाऊन आदळलो. शेवटी एका पानवाल्याने समोर बोट केलं. "जुनी मशीद ना? ही काय." समोर ना मिनार, ना घुमट. दारावर सहा टोकांची चांदणी.

तिसऱ्या दारी एक वयस्कर गृहस्थ होते, डोक्यावर काळी टोपी. मला वाटलं आता हिंदीची परीक्षा. ते म्हणाले, "आत ये रे, चपला तिथेच सोड. कुठला तू? हर्णैचा? म्हणजे आमच्या खालच्या अंगाचाच की!" ते अलिबागकडचे. आडनावाला शेवटी 'कर'. बायकोने आतून गूळपोहे आणून दिले. मी घरी येऊन काकांना म्हटलं, त्यांच्या मशिदीवर बांग द्यायचा मिनारच नाही! काका हसून हसून खोकायला लागले.

ते बेने इस्राएल. आपले कोकणातले ज्यू. प्रार्थनेच्या जागेला ते मराठीत मशीदच म्हणायचे, आणि मांडवीतली ही सगळ्यांत जुनी म्हणून जुनी मशीद. १७९६ सालची, नाव शार हारहमीम. कंपनी सरकारच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले, त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी ती बांधली असं सांगतात. मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावातली मस्जिदही हीच, असं त्या गृहस्थांचं ठाम मत होतं. मी रोज त्या स्टेशनात उतरणारा, मला वाटायचं एवढ्या मिनारांतला कुठलातरी एक असेल.

तर यंदा भांडुपहून धिमी गाडी पकडून (जलद गाडी मस्जिदला थांबत नाही, हे बत्तीस वर्षांनीही अंगात होतं, याचा उगाच अभिमान वाटला) तिथे गेलो. गल्ली तेवढीच रुंद, म्हणजे अरुंद. पाठीवर पोतं घेऊन येणारा माणूस आजही ओरडत नाही, नुसता 'श्श' करतो आणि आपण भिंतीला चिकटतो. जुनी मशीद जागेवर आहे. बाहेर बंदोबस्त. दार बंद होतं, आत जाता आलं नाही. मी उजवीकडे वळलो. तिसऱ्या दारात कुरियरचं गोदाम आहे. पोरगा म्हणाला, "अंकल, पार्सल देना है?"

तिथून चालत जुम्मा मशिदीवरून गेलो. ही खऱ्या मिनारांची. १८०२ साली पुरी झाली, तीही एका तलावावर. तलाव बुजवला नाही, अजून खाली पाणी आहे आणि पाण्यातून दगडी खांब वर आलेत. कारभार कोकणी मुसलमानांचा. म्हणजे पुन्हा आपल्याच किनाऱ्याचे नाखवे.

आणि मग उमरखाडी. आमची चाळ पाडली. पत्रे ठोकलेत, त्यावर स्विमिंग पूलचं चित्र. आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि पाच-पंचविसाला जायचं.

आमच्या शेजारच्या खोलीत बाणकोटच्या चाची. बाणकोट म्हणजे आमच्यापासून वर सावित्रीच्या खाडीच्या तोंडाशी. काकी आणि त्या एकमेकींशी बोलायला लागल्या की कोण कुठल्या घरची हे पडद्याआडून कळलं नसतं. काकी सड्यावरच्या पाण्याबद्दल बोलायच्या, चाचीही सड्यावरच्या पाण्याबद्दलच. ईदेच्या आधी चाची आमची खवणी मागून न्यायच्या, कारण सांदणांना नारळ फार लागतो आणि आमच्या खवणीचे दाते बारीक होते. गणपतीत त्यांचा मोठा टोप आमच्याकडे, कारण उकडीला तेवढं भांडं आमच्याकडे नव्हतं.

जानेवारी १९९३ च्या दंगलीत आमच्या मजल्यावर कुणी कुणाला काही केलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोकांना गोष्ट हवी असते. कुणी कुणाला वाचवलंही नाही, तशी वेळच आली नाही. बारा दिवस सगळे दारं लावून बसले. मग मार्चात बॉम्बस्फोट. एप्रिलात चाचींचं घर मुंब्र्याला गेलं, मे महिन्यात आम्ही गावी. मी काम करायचो ते माझगावचं वर्कशॉप आधीच आचके देत होतं. आमची खवणी मुंब्र्याला गेली, त्यांचा टोप हर्णैला आला. टोप अजून आहे. यंदाही मोदक त्यातच उकडले.

आता मूळ मुद्दा. निघताना मी मनाशी म्हणत होतो, बहुरंगी मुंबई बघू, सतरा जातीचे सतरा भाषांचे लोक, आपण गावात राहून कूपमंडूक झालो. आणि पाच दिवस पायपीट करून लक्षात आलं ते असं, की विशीत मला मुंबईत जे परके वाटले, त्यातले बरेचसे आपल्याच किनाऱ्यावरून पडावाने, बोटीने, गलबताने आलेले होते. सॅम्युअल स्ट्रीटचे ते गृहस्थ अलिबागचे. चाची बाणकोटच्या. वर्कशॉपातला फोरमन ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी ख्रिस्ती, वसईचा, गळ्यात क्रूस आणि तोंडात आगरी वळणाची मराठी. त्याचं डब्यातलं कालवण आमच्या कालवणाचं सख्खं भावंड, फक्त बाटलीमसाला जास्त. आमचे वडील हर्णैहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, तसेच हे सगळे कुठल्या ना कुठल्या धक्क्यावर उतरले. मुंबईने आम्हाला एकत्र आणलं असं आपण म्हणतो. उलट आहे. आम्ही गावी एकमेकांपासून एका खाडीच्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या राहत होतो, बाजार एक, जत्रा एक. मुंबईत जाऊन आम्हाला एकमेकांची ओळख करून घ्यावी लागली, कारण गावाला असताना ती करून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

इराणी, कच्छी, पारशी, तमिळ हे खरंच लांबून आले, ते सोडून बोलतोय. (त्यांच्यापैकी इराण्याला मी विसरलेलो नाही. मेट्रो सिनेमासमोरच्या १९०४ सालच्या हॉटेलात बसून ब्रून मस्का खाल्ला. चहात बुडवताना अर्धा बशीत पडला, तेही पूर्वीसारखंच.)

बाकी काय बदललं? आवाज बदलले. लोकलमध्ये पूर्वी भजनं, पत्ते, भांडणं. आता सगळे माना खाली घालून मोबाईलमध्ये, पण एकेकाच्या कानात कुठली भाषा चालली आहे कोण जाणे. तेवढं एक मला खटकलं. आम्हाला शेजाऱ्याची भाषा कान देऊन ऐकावी लागायची, दुसरा इलाजच नव्हता.

---

सुरंगी

फार आवडलं. 'आमची खवणी मुंब्र्याला गेली, त्यांचा टोप हर्णैला आला' इथे थांबले दोन मिनिटं. माझं माहेर दाभोळ. अंडा मशिदीच्या बाजूने रोज शाळेत गेले, पण आत काय आहे ते पहिल्यांदा पाहिलं पुण्याच्या पाहुण्यांना दाखवायला नेलं तेव्हा. तुमचं ते एका खाडीच्या अंतराचं वाक्य मला लागलं.

---

तिरफळ

लेख बरो जमलोहा. पण गिरणगावाचा नाव नाय ता कसा? आमच्या आज्याच्या गावमंडळाची खोली लालबागात. एका खोलयेत तीस जण. पाळयेन निजाचे, एक पाळी कामार गेली की दुसरी त्याच वळकटेर. भिंतीर खुट्ये आणि खुट्यार ट्रंका. जेवाण खानावळवाल्या मावशीकडे. १८ जानेवारी १९८२ क संप झालो, दोन-अडीच लाख लोक बसले घराक, आजो ट्रंक घेवन मालवणाक इलो तो परत गेलो नाय. ती खोली अजून मंडळाच्या नावान आसा म्हणतत. तेच्या खिडकीतसून आता मॉल दिसता.

(मराठीतून लिहा म्हणून कोणी सांगू नये. ही मराठीच आसा.)

---

चौथा_मजला

लेखन उत्तम, पण मला एक खडा टाकायचा आहे. चाळीची ही जी गोडी लावून लिहिलेली असते ती बहुतेक वेळा पुरुषांनी लिहिलेली असते. पहाटे साडेचारच्या पाण्याला उठत कोण होतं? तुम्ही की काकी? मी परळच्या चाळीत वाढले. मजल्याला चार संडास, सगळ्या मजल्याची रांग, आणि रांगेत मुलींनी किती वेळ उभं राहायचं याचं गणित वेगळं. शेजाऱ्याची भाषा कान देऊन ऐकावी लागायची म्हणता, तसं आमचं प्रत्येक बोलणंही शेजाऱ्याला ऐकू जायचं. माझ्या बहिणीचं लग्न मोडलं ते भिंतीपलीकडे ऐकलेल्या एका वाक्यामुळे. मी आज ठाण्याला बंद दाराच्या फ्लॅटमध्ये राहते, समोरचे कोण आहेत मला माहीत नाही, आणि मी सुखी आहे.

---

खाडीकाठचा

@चौथा_मजला, पाण्याला काकीच उठायच्या. आणि चाची. मी झोपलेला असायचो. हे लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, कारण झोपलेल्या माणसाला काय आठवणार. खवणीची देवघेवही त्या दोघींची, मला फक्त "जा, चाचींकडून घेऊन ये" एवढंच काम. मान्य.

@तिरफळ, गिरणगावात गेलो होतो, पण तिथे माझं काही नाही. दुसऱ्याच्या आठवणीवर किती लिहायचं? तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. त्या खोलीवर स्वतंत्र धागा काढा, मालवणीतच.

---

नागावचा_नारळ

अलिबागहून सलाम. आमच्याकडे अजून इस्राएल आळी आहे आणि तिथे सिनेगॉग आहे. नवगावला किनाऱ्याजवळ त्यांचं जुनं दफनस्थान आणि स्मारक. त्यांची कथा अशी की गलबत फुटलं आणि जे काही थोडे वाचले ते नवगावच्या किनाऱ्याला लागले. किती शतकांपूर्वी यावर वाद घालणारे घालोत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून आपल्या लोकांनी त्यांना नाव दिलं शनिवार तेली. म्हणजे बघा, धर्म ठाऊक नाही, देव ठाऊक नाही, पण तेल कुठल्या वारी मिळत नाही हे पक्कं ठाऊक!

तुम्हाला मिळाले ते गूळपोहे म्हणजे बहुतेक मलिदा असावा. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं आणि सुकामेवा. एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात, लग्नाआधी, नवस फेडताना. आमच्या आजीला विचारलं तर ती म्हणायची, "सत्यनारायणाच्या प्रसादासारखंच त्यांचं." तिच्या दृष्टीने विषय संपला.

बरेचसे इस्रायलला गेले. अधूनमधून मुलं-नातवंडं घेऊन येतात, थडग्यांवरची मराठी अक्षरं बोटाने वाचतात. नातवंडांना वाचता येत नाही.

---

सडेतोड_१

सगळं गोड गोड चाललंय. मुंबईतला मराठी टक्का कुठे गेला यावर कोणी बोलणार आहे का? बहुरंगी बहुरंगी म्हणत आपणच घर रिकामं केलं. खाडीकाठच्यांनी स्वतःच वळकटी बांधली, त्यांना कुणी हाकललं होतं का? आणि त्या जागेवर टॉवर उभा राहील त्यात मासे खाणाऱ्याला घर मिळेल का, हे विचारा आधी.

---

खाडीकाठचा

@सडेतोड_१, शेवटचा प्रश्न रास्त आहे. त्या पत्र्यांवरच्या चित्रात स्विमिंग पूल आहे, सुकटीचा वास नाही. पण 'मराठी टक्का' मोजताना चाची कुठल्या रकान्यात घालणार? त्या माझ्या काकीपेक्षा चांगल्या म्हणी वापरायच्या. आणि सॅम्युअल स्ट्रीटचे ते गृहस्थ? टक्का कमी झाला त्यात हे दोघेही गेले, आणि ते गेले याचं दुःख टक्का मोजणाऱ्यांना मी कधी झालेलं पाहिलं नाही.

मला हाकललं का? नाही. मी घाबरलो होतो.

---

सडेतोड_१

ठीक आहे. शेवटच्या ओळीपुढे माझ्याकडे उत्तर नाही. बाकी मतं कायम.

---

व्यवस्थापक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा प्रवासवर्णनाचा आहे, निवडणुकीचा नाही.

---

सांदण

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी मुंब्र्याची. आधीच सांगते, मी त्या चाचींची मुलगी नाही, नाहीतर तुम्ही सगळे इथेच रडायला लागाल. आमचं गाव खेडकडे. पण आम्हीही १९९३ च्या उन्हाळ्यातच माझगावहून मुंब्र्याला आलो. मी दहा वर्षांची. आमच्या इमारतीत सुरुवातीला पाणी नव्हतं, लिफ्टचा खड्डा होता आणि लिफ्ट नव्हती, पण जिन्यात सगळे कोकणी. कोण श्रीवर्धनचे, कोण म्हसळ्याचे, कोण बाणकोटचे. अम्मी म्हणायची, मुंबईत वीस वर्षं राहून जेवढे गाववाले भेटले नाहीत तेवढे इथे एका जिन्यात भेटले. ते तिला आवडायचं. मला नाही आवडायचं. माझगावला माझी मैत्रीण कॅथलिक होती, तिच्या घरी नाताळात करंज्यांसारखं काहीतरी करायचे, आणि समोर दातांचा चिनी डॉक्टर. मुंब्र्यात आल्यावर सगळ्या घरांतून एकाच प्रकारचा वास यायला लागला. चांगला वास, पण एकच.

तुमचं म्हणणं मला पटतं पण अर्धंच. आम्ही एकमेकांचे आधीपासूनचे शेजारी होतो हे खरं. तरी मुंबईने आमची ओळख करून दिली आणि मुंबईनेच निवडून वेगवेगळ्या डब्यात भरलं, तांदूळ वेगळा, डाळ वेगळी. हर्णैला काय, बाणकोटला काय, अजून ती निवडानिवड एवढी झालेली नाही. आजोळी गेले की मला बरं वाटतं ते त्यामुळे.

अवांतर: माहीमच्या मखदूम फकीह अली माहिमींच्या उरुसाला या कधीतरी. चौदाव्या-पंधराव्या शतकातले विद्वान. पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, बँड लावून. आणि जत्रेत तुम्हाला निम्मं कोकण भेटेल, टोपी असलेलं आणि नसलेलं.

आणि हो, आमच्या घरात दोन खवण्या आहेत. एक अम्मीची. दुसरी कुणाची, कुणालाच आठवत नाही. दाते बारीक आहेत का ते बघून सांगते :)

---

सुरंगी

@सांदण, इथेच रडायला लागले.

---

कलमबाग

खाडीकाठचा, तुम्ही मुंबईत जाऊन कान देऊन ऐकलंत ते ठीक. पण हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला शेवटचे कधी उभे राहिलात? खलाशांचं बोलणं ऐकलंत का? माझी रत्नागिरीजवळ हापूसची कलमं आहेत. राखणीला नेपाळी कुटुंब, वडिलांच्या वेळेपासून. आधी बाप आला, मग मुलगा, आता नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. मागच्या वर्षी शाळेत मराठी निबंधात पहिला आला. विषय 'माझे गाव'. त्याने आमच्या गावावर लिहिलं, आणि गुरुजी मला म्हणाले, तुमच्या मुलापेक्षा बरं लिहिलंय.

चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातले. बोटींवर नेपाळी, झारखंडी. मोहरावर फवारणी करायला येणारे आणखी कुठले. आपल्या पोरांना मुंबई, आणि मुंबईच्या पलीकडच्यांना आपलं गाव. तुमची ती उमरखाडीची चाळ आता कोकणात आहे, फक्त पत्र्याच्या शेडमध्ये.

आणि खरं सांगू? मी त्या कुटुंबाच्या घरात एकदाही जेवलेलो नाही. तुमच्या काकांनी तुम्हाला निदान पाकीट घेऊन पाठवलं होतं.

---

खाडीकाठचा

@कलमबाग, तुमचा प्रतिसाद वाचून काल मुद्दाम बंदरावर गेलो. उधाणाचे दिवस, बोटी उशिरा लागल्या. लिलाव नेहमीसारखा वाळूतच, सुरमई-पापलेटाचे वाटे, कोळणींचा आवाज सुवर्णदुर्गापर्यंत जाईल असा. मी तीस वर्षं तिथे मासे घेतो, पण नेहमी कोळणीकडे तोंड करून. काल पहिल्यांदा बोटीकडे तोंड करून उभा राहिलो.

टोपल्या खाली देणारी पोरं आपसात नेपाळीत बोलत होती. एकाला विचारलं, कुठला तू? म्हणाला, "हर्णै." म्हटलं, तसं नाही रे, मूळचा? तो हसला. "मूळचा कैलाली. पण काका, तुम्हाला कुठे माहीत असणार?" मराठीत. सुरात थोडी कोळी वळणं. मला कैलाली माहीत नव्हतंच.

त्याला १९८५ साली मला मिळालेलं उत्तर द्यावं, "म्हणजे आमच्या वरच्या अंगाचाच की," असं मनात आलं. दिलं नाही, खोटं वाटलं असतं. त्याचं गाव आणि माझं गाव यांच्यामध्ये एक खाडी नाही, अख्खा देश आहे. त्यामुळे माझा तो सगळा सिद्धांत, की परके म्हणजे आपलेच ओळख न झालेले शेजारी, इथे चालत नाही. याच्याशी ओळख करून घ्यायची तर शून्यापासून. सध्या एवढंच कळलं की त्याला बांगडा आवडत नाही. मासळीच्या बोटीवर काम करतो आणि डाळभात खातो.

---

भटकभवानी

धागा भरकटण्याआधी (की भरकटला आहेच?) जरा कामाचं विचारते. जानेवारीत दोन दिवस जायचंय, हाच पट्टा चालत करायचा आहे. कसं करावं? सोबत सासूबाई, गुडघे दुखतात.

---

खाडीकाठचा

@भटकभवानी, सासूबाई असतील तर मस्जिद स्टेशनचा पूल टाळा, टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केटला उतरा. सकाळी दहाच्या आत मशीद बंदरचा भाग करा, नंतर हातगाड्या तुम्हाला चालू देत नाहीत. सिनेगॉगमध्ये जायचं तर आधी विचारून घ्या, ओळखपत्र ठेवा, शनिवारी जाऊच नका. मग काळबादेवीहून मेट्रोने एकच स्टेशन, गिरगाव. खोताची वाडी तिथून जवळ. लाकडी घरं बाहेरून बघा, लोक राहतात तिथे. मी गेलो तेव्हा एक पाहुणा कुणाच्या तरी ओट्यावर चढून फोटो काढत होता आणि आजीबाई आतून काठी घेऊन आल्या. वाडीचं नावच खोतावरून, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटावं एवढं तरी खरं.

जलमार्गाने यायचं असेल तर मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो आहे, मार्च २०२० पासून. गाडीही चढते. हर्णैहून मात्र काही नाही. आमच्या वडिलांच्या वेळी बोट होती, आता आम्ही खेडला जाऊन रेल्वे पकडतो. पुढे गेलो की मागे, तुम्हीच ठरवा.

---

नागावचा_नारळ

मांडव्याहून येणार असाल तर आधी एक दिवस आमच्याकडे. इस्राएल आळी दाखवतो. सासूबाईंना चालावं लागणार नाही, माझी रिक्षा आहे.

---

तिरफळ

@सांदण, ती खवणी बघितलात काय?

---

सांदण

बघितली. दाते बारीकच आहेत. पण बारीक दात्यांची खवणी मुंबईत काय एकच होती का? अम्मी म्हणते ती भायखळ्याच्या बाजारातून आणलेली. मामू म्हणतो, नाही, ती शेजारची. दोघांचं त्यावरून कालपासून वाजलंय, मी मध्ये पडत नाही.

सुरंगीताईंनी व्यक्तिगत निरोप पाठवून सांदणांची रीत विचारली होती, इथेच देते. तांदूळ धुऊन सावलीत सुकवून जाडसर रवा काढायचा. रवा माडीत, म्हणजे माडाच्या ताडीत, भिजवायचा, रात्रभर ठेवायचा, फुगून वर आला पाहिजे. सकाळी नारळाचं घट्ट दूध, साखर आणि चवीला मीठ घालून हलक्या हाताने हलवायचं. वाट्यांना तूप लावून अर्ध्याच भरायच्या, कारण उकडताना वर येतात. झाकणाला फडकं बांधायचं म्हणजे वाफेचं पाणी वर पडत नाही. माडी ताजी हवी, सकाळी उतरवलेली. उन्हं चढल्यावरची आंबट होते. मुंब्र्यात माडी मिळत नाही, मी यीस्ट घालते. अम्मी ती खाते, पण त्याला सांदण म्हणत नाही. इडली म्हणते.